खानावळवाल्या काकूंचा पसारा

विमान पाण्यावर उतरतं, हे काकूंना आधी सांगितलं होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. पाण्याच्या कडेला उतरत असेल, लोकांना वाढवून सांगायची सवयच असते, अशी त्यांची समजूत. त्यामुळे खिडकीतलं निळं पाणी खरोखरच जवळ जवळ यायला लागलं तेव्हा त्यांनी मांडीवरची पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटायचं ठरवलं. ठरवलं खरं, पण मिटवेनात. खाली डोंगर समुद्रात पाय सोडून बसले होते, बेटांच्या कडेने पाणी हिरव्याचं निळं आणि निळ्याचं जांभळं होत होतं, आणि पलीकडे बंदरात एक पांढरं जहाज उभं होतं. इतकं देखणं, की बाकीच्या जहाजांनी त्याच्यापुढे पाणी भरावं. अशा वेळी डोळे मिटणारा माणूस करंटाच म्हणायचा, आणि काकू करंट्या नव्हत्या. त्यांनी नाक काचेला लावलं ते विमान पाण्याला टेकून, फेसाचे दोन पट्टे ओढत थांबेपर्यंत काढलंच नाही.

"कसं वाटलं काकू?" हात देऊन उतरवताना वैमानिकाने विचारलं.

"बरं होतं," काकू म्हणाल्या.

आता इथेच सांगून टाकलेलं बरं. काकूंच्या तोंडी स्वतःबद्दल दोनच वाक्यं असायची. एक म्हणजे ‘बरं आहे’ आणि दुसरं ‘मला काय, काहीही चालतं’. उभा जन्म त्यांनी खानावळ चालवली. गावातली निम्मी बिनघरची माणसं त्यांच्या हातचं जेवून मोठी झाली, त्यामुळे त्या जगाच्या काकू. नवरासुद्धा शेवटी शेवटी त्यांना काकूच म्हणायला लागला होता. कुणाला चहा उकळता लागतो आणि कुणाला कोमट, भांडून आला की कोण दुप्पट जेवतो आणि कोण ताटावरून उठतो, सगळं काकूंना तोंडपाठ. नवा माणूस दोन दिवस जेवला की तिसऱ्या दिवशी त्याला तोंड उघडून काही मागावं लागायचं नाही. त्या स्वतः चुलीशेजारच्या स्टुलावर बसायच्या, भिंतीकडे तोंड करून, आणि सगळे उठल्यावर जे उरेल ते, गार झालेलं, खायच्या. त्यांना काय आवडतं हे कुणी विचारलं नव्हतं. खरं बोलायचं तर त्यांनीही कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

खानावळ आता थोरली आणि जावई बघत होते. धाकटी त्या पांढऱ्या जहाजावर होती. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनांची व्यवस्था तिच्याकडे. आठवडाभर माझी पाहुणी म्हणून ये, असं तिने फोनवर सांगितलं, आणि काकूंनी काहीही चालतं म्हणून होकार दिला. आतून मात्र त्यांना धाकधूक होती. मुलगी एवढी शिकली आणि लोकांच्या गाद्या झटकते, हे त्यांनी शेजारणींपासून चार वर्षं चोरून ठेवलं होतं.

दालनात पाऊल टाकल्यावर ती धाकधूक जरा वेळ बाजूला राहिली. लाकूड असं घासलेलं की त्यात पडद्याचा रंग दिसावा. चादर अशी, की बसायच्या आधी हात धुवावेसे वाटावे. न्हाणीघरात भिंतभर खिडकी, समोर नुसता समुद्र. नळ उघडला की गरम पाणी दाराआड वाट बघत असल्यासारखं लगेच यायचं. काकूंनी प्रत्येक कपाट उघडून पाहिलं, प्रत्येक दिवा लावून विझवला, आणि मग पलंगाच्या दाराकडच्या अगदी कडेला बसल्या. घरी त्या तशाच बसायच्या, म्हणजे कुणी हाक मारली की उठायला सोपं.

दार वाजलं. गडद निळा कोट, चापून बांधलेले केस, अशी धाकटी आत आली आणि अदबीने झुकली.

"प्रवास सुखाचा झाला ना? मी इथे बाहेरच आहे, तुमच्यासाठी."

"अगं, आईला अहो-जाहो काय करतेस?"

"कामावर आहे मी," धाकटी ओठ न हलवता पुटपुटली. "आणि तू पाहुणी आहेस. चहा आणते."

"आण. कसाही चालेल."

धाकटीने बिनसाखरेचा आणला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की काकू बिनसाखरेचा पितात. काकूंनी तो प्यायला आणि बरं आहे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकू पहाटे उठल्या आणि कामाला लागल्या. जित्याची खोड, दुसरं काय. एवढ्या खोल्या आवरायच्या आपल्या लेकराने, तेवढाच तिच्या पाठीला आराम, हा त्यांचा हिशेब. चादर त्यांनी ढोलासारखी ताणून बसवली. उशा फुगवल्या. कप धुऊन, पुसून, होता तिथे ठेवला. टॉवेलची घडी होती तश्शी घातली. सपाता कपाटात. नळावरचा पाण्याचा डागसुद्धा पदराने पुसला. धाकटी आली, दालनाच्या मध्यभागी उभी राहिली, चारी बाजूंना बघितलं आणि आल्या पावली गेली. पोरीचा गळा भरून आला असणार, असं काकूंना वाटलं. त्यांना फार बरं वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी आरसासुद्धा पुसला.

शेजारच्या दालनात मोत्यांच्या माळेची एक बाई होती. तिच्या खोलीचं दार उघडं असलं की काकूंना आत बघवायचं नाही. पलंगावर कपडे, जमिनीवर पुस्तकं, दिव्याच्या टोपीवर मोजा. पण ती बाई भेटेल तिथे काकूंचा हात धरायची.

"तुमची मुलगी म्हणजे काय आहे हो? मला झोप लागत नव्हती, कुणाजवळ बोलले नाही. संध्याकाळी येऊन बघते तर उशी पातळ केलेली, पडद्याच्या फटीला चिमटा लावलेला, आणि पुस्तक वाचता वाचता पालथं पडलं होतं तिथे चष्मा पुसायचं फडकं. मी चष्मा साडीला पुसते हे तिला कसं कळलं?"

काकूंची मान ताठ झाली. गाद्या झटकणं म्हणजे हे असतं, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? असले प्रकार त्यांनी स्वतः आयुष्यभर केले होते, ताटावर. पोरीने आईचाच गुण उचलला होता आणि समुद्रावर आणून ठेवला होता. चार वर्षं शेजारणींपासून लपवलं त्याची त्यांना मनापासून लाज वाटली.

मात्र काकूंच्या वाट्याला येत होतं ते सगळं जरा चुकलेलंच असायचं. जेवणाच्या मोठ्या दालनात धाकटीने त्यांना असं टेबल दिलं की समोर काचेतून अख्खं स्वयंपाकघर दिसावं. आईला आवडेल, या समजुतीने. तिथे उंच टोप्या घातलेले आचारी विजेसारखे हात चालवायचे, आणि काकू प्रत्येक घासाला मनातल्या मनात त्यांची भांडी उतरवायच्या. दुपारी त्यांच्यासाठी मुख्य आचाऱ्याबरोबर गप्पा ठेवल्या. काकूंनी त्या केल्या. बरं होतं म्हणाल्या. धाकटीचा चेहरा दिवसागणिक उतरत चालला.

चौथ्या दिवशी दुपारी ती आली तेव्हा काकू न्हाणीघराची खिडकी रुमालाने पुसत होत्या. धाकटी तिथल्या स्टुलावर मटकन बसली.

"आई, पुरे कर आता."

"अगं, एवढंसं तर आहे. तुझं काम हलकं होतं."

"माझं काम हलकं होत नाही. माझं कामच तू पुसून टाकतेस." तिने कोटाचं वरचं बटण काढलं, आणि मग बोलायचं नव्हतं ते सगळं बोलून गेली.

गोष्ट अशी होती. या मजल्याच्या मोठ्या बाई, म्हणजे सगळ्या दालनांच्या प्रमुख, या फेरीनंतर घरी बसणार होत्या. त्यांच्या जागी धाकटी तरी येणार, नाहीतर खालच्या मजल्यावरचा तिचा एक सहकारी. आणि या जहाजावर जुनी रीत होती. ज्याला ती जागा हवी त्याने घरचं माणूस पाहुणं करून आणायचं. परक्याचं मन ओळखणं सोपं, घरच्याचं ओळखून दाखव. पाहुण्याला काय हवं हे विचारायचं नाही, ते खोलीवरून ओळखायचं आणि मागायच्या आत द्यायचं. शेवटच्या सकाळी मोठ्या बाई येऊन खोली बघणार.

"मग त्यात काय," काकू म्हणाल्या. "मी सांगते त्यांना, सगळं उत्तम होतं म्हणून."

"सगळ्यांच्या आया तेच सांगतात. त्या ऐकतच नाहीत. त्या खोली बघतात. माणूस तिथे मोकळेपणी राहिलंय की अंग चोरून, हे त्यांना दारातूनच कळतं. तुझी खोली बघितली तर तू अजून आलीच नाहीस असं वाटतं." धाकटीने डोळे पुसले. "चादरीच्या सुरकुतीवरून मला अनोळखी माणसाचं दुखणं कळतं, आई. आणि तुला काय आवडतं हे मला माहीत नाही. लहानपणापासून माहीत नाही. हे मला इथे येऊन कळलं, तुला या खोलीत बघून. त्या जागेचं जाऊ दे. मला वाईट याचं वाटतंय."

काकूंच्या हातातला रुमाल तसाच राहिला. "हे सांगितलंस, म्हणजे रीत मोडली का तुझी?"

"विचारलं कुठे काही? नुसती चिडले," म्हणून धाकटी बटण लावून निघून गेली.

काकू एकट्याच बसून राहिल्या. सांगून टाकावं काय आवडतं ते, आणि करावी पोरीची सुटका, रीत गेली चुलीत. पण सांगणार काय? त्या आठवायला लागल्या आणि आठवेना. थोरलीला काय आवडतं ते आठवलं, जावयाला काय खपत नाही ते आठवलं, पंचवीस वर्षांपूर्वी जेवायला येणाऱ्या तारमास्तराला भात मऊ लागायचा हेसुद्धा आठवलं. स्वतःच्या नावावर काहीच सापडेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. काकूंना एकदम पोरकं वाटलं, आणि या वयात तसं वाटतंय याचा त्यांना रागही आला.

पण हातावर हात धरून बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. खोलीत पसाराच हवा ना? मग करू की पसारा. त्यांनी पदर खोचला.

संध्याकाळी धाकटी आली आणि दारातच थबकली. उशा जमिनीवर होत्या, एका रांगेत, अभ्र्यांची तोंडं एकाच बाजूला. सपाता खोलीच्या मध्यभागी भिरकावलेल्या होत्या, पण जोडीने. टॉवेल खुर्चीवर टाकलेला, चार घड्या घालून. टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद, आणि शेजारी धुऊन पुसलेली सुरी. मध्ये काकू उभ्या, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारख्या.

धाकटीने हसू आवरायचा फार प्रयत्न केला. नाही आवरलं. ती पलंगावर पडून हसली, इतकी की चापून बांधलेले केस सुटले. काकूंनी आधी तोंड वाकडं केलं, आणि मग त्यांनाही राहवेना.

"मोजा राहिला," त्या म्हणाल्या. "दिव्यावर घालणार होते. पण म्हटलं, जळायचा."

"आई, असं ठरवून नाही होत ते," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "राहू दे. आपण दोघी हसलो, माझी फेरी वसूल झाली." तिने उशा उचलल्या आणि आईच्या गालाला हात लावून गेली. पण जाताना तिचे खांदे पडलेले होते, आणि ते काकूंनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जहाजाचा आवाज बदलला. काकूंना जाग आली. बाहेर काहीतरी चाललं होतं. रजई अंगाभोवती गुंडाळून त्या अनवाणीच बाल्कनीत गेल्या आणि तिथेच खिळल्या.

जहाज एका बंदरात शिरत होतं. दोन्ही बाजूंना उंच कडे, मधून शांत पाणी, आणि आत टेकडीवर चढत गेलेलं शहर. एक बुटकी बोट जहाजाला ओढून घेत होती, एवढ्या मोठ्या धुडाला, आणि ते गरीब गाईसारखं तिच्यामागे चाललं होतं. धक्क्यावरचे दिवे एकेक करून विझत होते. मग ऊन आलं, आधी टेकडीच्या माथ्यावरच्या घरांना, आणि हळूहळू पायऱ्या उतरल्यासारखं खाली येत गेलं. खिडकीमागून खिडकी चमकायला लागली. काकूंनी आत जाऊन विजेच्या किटलीत पाणी उकळून चहा केला. साखरेच्या वाटीकडे हात गेला. घरी साखर सगळ्यांना पुरवून उरायची नाही, म्हणून त्यांनी कधीतरी सोडली होती. इथे कोण बघतंय? एक खडा टाकला. मग दुसरा टाकला.

बाल्कनीतली खुर्ची खोलीकडे तोंड करून होती. काकूंनी ती फरफटत फिरवली, पाण्याकडे. समोरच्या स्टुलावर पाय टाकले. चहा गरम होता, गोड होता, आणि पहिला होता. दूरवर, डोळे पोचतील तिथपर्यंत, मध्ये काही नव्हतं. जन्मभर त्यांच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर चुलीमागची काळी भिंत होती. विमानात आपण नाक काचेला का लावलं होतं, ते त्यांना आत्ता कळलं. आपल्याला लांबचं बघायला आवडतं. पाठ स्वयंपाकघराकडे करून, पाय वर टाकून, कुणाच्याही हाकेला न उठता. एवढी साधी गोष्ट, आणि ती सापडायला समुद्र ओलांडावा लागला. काखेत कळसा म्हणतात, ते काही खोटं नाही.

कप संपला, ऊन अंगावर आलं आणि काकूंना तिथेच डुलकी लागली. जागं केलं ते भोंग्याने. शहरात नेणारी लाँच सुटायला आली होती. काकूंनी मिळेल ती साडी गुंडाळली आणि धावल्या. लाँच पाण्याला लागल्यावर त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"माझं अंथरूण," त्या म्हणाल्या.

"बसा काकू, बोट कलंडेल," लाँचवाला म्हणाला, आणि काकू बसल्या.

काय शहर होतं ते. पायांनी गुळगुळीत झालेला दगडी धक्का, चढणीच्या गल्ल्या, दारादारांतून झाडं, आणि अगदी वर एका जुन्या हॉटेलची गच्ची, जिथे जहाजाच्या पाहुण्यांसाठी पांढरे टेबलपोस घालून ठेवले होते. पांढऱ्या हातमोज्यांचा वाढपी इतक्या अलगद ताट ठेवायचा की काकूंना त्याचं कौतुक करावंसं वाटलं, आणि त्यांनी केलं. खाली बंदरात आपलं जहाज खेळण्याएवढं दिसत होतं. अंथरूण तसंच पडलंय याची टोचणी त्यांना दुपारपर्यंत लागून राहिली, मग गेली.

संध्याकाळी परतल्या तर खोली स्वच्छ होती, रजई घडी घालून पायाशी होती. बाल्कनीतली खुर्ची मात्र कुणी हलवली नव्हती. पाण्याकडे तोंड करून तशीच होती.

दारात धाकटी उभी होती. "चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. बाकी काही नाही.

तिने त्यांना जेवणाच्या दालनात नेलं नाही. एक जिना चढवून सगळ्यात पुढे, जहाजाच्या नाकावरच्या छोट्या डेकवर नेलं. तिथे एक टेबल होतं आणि एकच खुर्ची, तोंड पुढे, पाठ अख्ख्या जहाजाकडे. खुर्चीवर रजई. समोर पाय टाकायला स्टूल. जेवणाची घंटा अजून झाली नव्हती, पाहुणे अजून कपडे बदलत होते, आणि ताटावरचं झाकण काढल्यावर वाफ वर आली. पहिलं ताट. जहाज कड्यांमधून मोकळ्या समुद्रात निघालं होतं, आणि काकूंच्या समोर सूर्यापर्यंत काहीच नव्हतं.

काकूंनी पहिला घास घेतला आणि त्यांना रडू आलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत. मागे उभ्या असलेल्या धाकटीने रजई त्यांच्या खांद्यांवर ओढली.

शेवटच्या सकाळी काकू जाग्या झाल्या त्या पलंगाच्या मध्यभागी, आडव्यातिडव्या. सवयीने हात चादरीकडे गेला. काकूंनी तो दुसऱ्या हाताने धरला आणि मागे घेतला. सोपं नव्हतं ते. रजई बाल्कनीत होती, पुस्तक पालथं पडलं होतं, एक सपात कुठे होती देव जाणे. साखरेच्या वाटीभोवती चुरा सांडला होता.

मोठ्या बाई आल्या. पिकलेले केस, सपाट जोडे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दारातच थांबून त्यांनी पलंग बघितला, खुर्ची बघितली, वाटी बघितली. त्यांना घाई नव्हती. मग त्यांनी काकूंना रिवाजाचा एकच प्रश्न विचारला.

"काकू, आणखी काही हवंय?"

"मला काय, काही..." काकूंचं तोंड आपोआप चालू झालं आणि मध्येच बंद पडलं. "हो. चहा हवाय. गरम. आणि साखर..."

"दोन खडे घातलेत, आई," मागून धाकटी म्हणाली. ती ट्रे घेऊन आधीच दारात उभी होती.

मोठ्या बाईंनी तिच्याकडे बघितलं, कमरेचा जुडगा सोडवला आणि ट्रेमध्ये, कपाशेजारी ठेवला. मग तिच्या खांद्यावर थोपटून त्या निघून गेल्या. धाकटीने ट्रे टेबलावर ठेवला. तिने कप आईच्या हातात दिला. आता विचारायला मोकळी होती ती.

"कसा झालाय?"

काकूंनी घोट घेतला. तो जिभेवर घोळवला, समुद्राकडे बघत, अगदी सावकाश.

"अजून एक खडा हवा होता," त्या म्हणाल्या.